दारूचा प्रश्न आणि दारूचा रोगी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्याचे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले, त्याने दारूच्या रोगावर आणि त्याच्या उपचारावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. परंतु दारूचा प्रश्न आपल्या चळवळीत आजवर दोन अंगांनी मांडला गेला आहे. एक अंग अर्थकारणाचे : सरकारचा महसूल आणि गरिबाच्या संसाराची धूळधाण. दुसरे अंग नीतीचे : व्यसन वाईट, ते माणसाने निग्रहाने सोडावे. दोन्ही अंगांनी आपण पुष्कळ बोललो आहोत आणि त्यातले बरेचसे खरेही आहे. मात्र हे सारे बोलणे ज्याच्याविषयी चालते, तो पिणारा माणूस दोन्हीकडून निसटतो. अर्थकारणात तो ग्राहक असतो, नीतीच्या दरबारात आरोपी असतो. रोगी म्हणून त्याची नोंद कोठेच होत नाही. त्याच्याकडे रोगी म्हणून पाहायला आपण शिकले पाहिजे आणि त्याच्या उपचाराची मागणी दुकानबंदीच्या मागणीइतक्याच आग्रहाने केली पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ ह्या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक, म्हणजे शंभरांतील चौदा-पंधरा जण, मद्यपान करतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांचे पिणे अपाय होण्याच्या थराला गेलेले आहे आणि त्यातही सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णपणे परावलंबी झालेले आहेत. पुरुषांत हे प्रमाण फार मोठे आहे. स्त्रियांत ते कमी असले तरी लज्जेपोटी ते अधिक झाकले जाते. परंतु त्या अहवालातील मला सर्वांत बोचणारा आकडा निराळाच आहे. दारूवर परावलंबी असलेल्या ३८ माणसांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० मागे एक. क्षयाच्या रोग्यांबाबत असा आकडा प्रसिद्ध झाला असता, तर विधानसभेत गदारोळ झाला असता. दारूच्या रोग्यांबाबत तो प्रसिद्ध झाला आणि कोणीही हूं की चूं केले नाही. कारण तो रोगी आहे हेच आपल्याला मनोमन मान्य नाही.

दुकान बंद झाले, पुढे काय?

आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून कागदावर आहे. १९६० च्या दशकापासून त्याची बंधने टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि राज्य उत्पादन शुल्क हा तिजोरीचा एक प्रमुख आधार बनला. १९७४ मध्ये वर्धा आणि १९९३ मध्ये गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीखाली आले. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगावच्या स्त्रियांनी 'आडव्या बाटली'ला मते देऊन दुकाने बंद पाडली. ह्या लढ्यांविषयी मला नितांत आदर आहे. दारू जितकी सहज हाताशी असेल तितके पिणारे वाढतात, हे जगभराच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला होता, तो ह्याच जाणिवेने.

परंतु दुकान बंद झाले त्या रात्री, गेली पंधरा वर्षे रोज पिणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्याचे उत्तर २०२० च्या टाळेबंदीने दिले. मार्चअखेर देशभरातील दारूची दुकाने एकाएकी बंद झाली आणि दारू अचानक तुटल्याने आकडी आलेले, भ्रम झालेले रोगी रुग्णालयांत येऊ लागले. केरळात अशा स्थितीत काही जणांनी आत्महत्या केल्या. तेथील सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. वैद्यकीय व्यवसायाने त्याला विरोध केला आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता, कारण दारू हे त्या रोगावरचे औषध नव्हे. पण औषधे उपलब्ध असताना ती देणारी यंत्रणा तालुक्याच्या गावी नव्हती, हा खरा दोष होता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली. शौकाने पिणारा माणूस सॅनिटायझर पीत नाही. तो दुकान उघडण्याची वाट पाहतो. जो वाट पाहू शकत नाही तोच रोगी.

रोग कसा ओळखावा

'रोगी' हा शब्द मी ढिलाईने वापरत नाही. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस ह्या दोघा वैद्यकतज्ज्ञांनी मद्यावरील परावलंबनाच्या लक्षणसमूहाचे वर्णन केले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात तेच सूत्र धरून सहा लक्षणे नोंदली. पिण्याची अनावर ओढ लागणे. किती प्यावे, केव्हा थांबावे ह्यावरचा ताबा सुटणे. दारू थांबताच शरीराला त्रास होणे. पूर्वीइतक्या दारूने भागेनासे होऊन मात्रा वाढत जाणे. पिणे आणि पिण्याची तजवीज ह्यांपुढे बाकी सारे मागे पडणे. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही पीत राहणे. वर्षभराच्या अवधीत ह्यांपैकी तीन लक्षणे एकत्र आढळली, तर त्या माणसाला परावलंबी समजावे, असा तो संकेत आहे.

ह्यात कोठेही दारूचा प्रकार आलेला नाही. हातभट्टीची पिणारा रोगी आणि परमिट रूममध्ये बसून विलायती पिणारा 'सोशल', असा भेद रोग करीत नाही. तो आपल्या वर्गीय नजरेने केलेला आहे. तसेच रस्त्यात पडणारा तेवढा दारुडा, ही समजूतही सोडली पाहिजे. परावलंबी माणसांपैकी पुष्कळजण कधी झिंगलेले दिसत नाहीत, कामाला वेळेवर जातात, पगारही घरी आणतात. त्यांचे शरीर दारूला इतके सरावलेले असते की क्वार्टर पोटात गेल्यावाचून त्यांचे हात स्थिर होत नाहीत.

कार्यकर्त्याला व्यवहारात उपयोगी पडेल अशी चार प्रश्नांची एक साधी कसोटी आहे. ती अमेरिकेत जॉन युइंग ह्या मनोविकारतज्ज्ञाने तयार केली. आपले पिणे कमी करावे असे तुम्हाला कधी वाटले आहे का? लोक तुमच्या पिण्यावरून बोलतात ह्याचा तुम्हाला राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्याउठल्या, हातपाय ठिकाणावर येण्यासाठी, कधी घोट घ्यावा लागतो का? ह्यांतील दोन प्रश्नांना होकार आला, तर माणूस डॉक्टरकडे नेण्याजोगा आहे असे समजावे. ही कसोटी म्हणजे निदान नव्हे. परंतु 'तू किती पितोस?' ह्या प्रश्नाला जगात कोणी खरे उत्तर देत नाही. ह्या चार प्रश्नांना बहुतेक माणसे खरी उत्तरे देतात. अट एवढीच की विचारणाऱ्याच्या आवाजात फौजदार नसावा.

आणखी एक विवेक हवा. पिणारे सगळे सारखे नसतात. कोणी क्वचित पितो. कोणी परावलंबी झालेला नाही, पण पगाराच्या दिवशी प्रमाणाबाहेर पिऊन मोटारसायकलवरून पडतो, घरात भांडतो, खाडे करतो. कोणी पूर्ण परावलंबी असतो. पहिल्याला माहिती पुरते, दुसऱ्याला सल्ला, तिसऱ्याला औषधोपचार. तिघांना एकच व्याख्यान देण्याची आपली पद्धत आहे आणि ते तिघांनाही लागू पडत नाही.

पहिले चार दिवस

ह्यानंतर जे सांगणार आहे ते, इतर सारे विसरलात तरी, लक्षात ठेवा. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर सहा ते बारा तासांत त्याच्या शरीराची तडफड सुरू होते. हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना ताप चढतो, दिवस-रात्रीचे भान जाते, अंगावर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे दिसतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. गावात ह्याला 'बाधा झाली' म्हणून देवऋष्याकडे नेतात किंवा वेड लागले म्हणून खांबाला बांधतात. अशा माणसाला त्याच क्षणी इस्पितळात नेले पाहिजे.

म्हणून 'मर्द असशील तर आजपासून सोड' अशी शपथ भरसभेत घालून कोणालाही घरी पाठवू नका. ज्याचे हात सकाळी कापतात त्याला आधी डॉक्टरकडे न्या. तेथे काही दिवसांपुरती शामक औषधे उतरत्या मात्रेत देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत. जोडीला ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. सततच्या पिण्याने आणि उपासमारीने ते शरीरातून संपलेले असते आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रोग्याला ते जीवनसत्त्व न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावणे अपायकारक ठरते. 'डॉक्टर, एक सलाईन लावा' असा आग्रह आपण धरतो तेव्हा एवढे ध्यानात असावे.

शरीर शुद्धीवर आले म्हणजे उपचार संपला असे नाही. तेथे तो सुरू होतो. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे आज उपलब्ध आहेत. डायसल्फिराम हे त्याहून जुने औषध १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधनातून पुढे आले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकारी येते, रक्तदाब कोसळतो. रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडते. परंतु 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून बायकोने किंवा आईने ते भाजीत मिसळून द्यावे, हा प्रकार जीवावर बेतू शकतो. त्या माउलीचा हेतू शुद्ध असतो. म्हणूनच तिला हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

मोठी इस्पितळे नसताना

आपल्यापैकी कोणी म्हणेल, मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही मुश्किलीने भेटतो, मग खेड्यात हे कसे व्हावे? ह्या शंकेला आपल्या शेजारीच, गोव्यात, उत्तर मिळाले आहे. संगत ह्या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. अपाय होईल इतके पिणारे, पण पूर्ण परावलंबी न झालेले पुरुष निवडले. त्यांच्यातील निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर जास्तीत जास्त चार बैठकांचा सल्ला देण्यात आला. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. प्रशिक्षण दिलेली तेथलीच सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी सल्ला मिळालेल्यांत शंभरांपैकी ३६ जण धोक्याच्या रेषेखाली आले होते, तर न मिळालेल्यांत २६. वर्षभराने हेच आकडे ५४ आणि ३२ असे होते. हे निष्कर्ष लॅन्सेटसारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकातून आणि त्यानंतर अन्यत्र प्रसिद्ध झाले. चमत्कार घडला असे मी म्हणणार नाही. शंभरांतील ४६ तसेच राहिले. पण चार बैठकांच्या खर्चात एवढे साधत असेल, तर अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो, ह्याहून फायद्याची सार्वजनिक गुंतवणूक कोणती?

पूर्ण परावलंबी झालेल्यांसाठी पुण्याच्या मुक्तांगणचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्याने, ते सुरू केले. निमित्त होते गर्दच्या साथीचे. पण दारूचे रोगीही तेथे मोठ्या संख्येने येत राहिले. बरे झालेले रोगीच तेथे पुढे कार्यकर्ते झाले आणि उपचारात घरच्या माणसांनाही सामावून घेतले गेले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली आणि १९५७ पासून मुंबईत रुजलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळही ह्याच तत्त्वावर चालते. ती फी घेत नाही, बाहेरची देणगी घेत नाही, सभासदाचे नाव बाहेर सांगत नाही. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याला हात देतो. तिच्या भाषेतील ईश्वरशक्तीचा उल्लेख आपल्यापैकी काहींना खटकतो. मला त्यात परस्परसाहाय्याचे तत्त्व दिसते आणि ते समाजवाद्यांना परके नसावे.

उपचार घेऊनही पुष्कळजण पुन्हा पितात. तेव्हा 'ह्यांचे काही खरे नाही' असे म्हणून आपण हात झटकतो. मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला बेइमान म्हणत नाही. औषध बदलतो, पथ्य पाहतो. हाही दीर्घ मुदतीचा रोग आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उपचार घेऊन कायमचे सुटलेले लोक कमी नाहीत. मात्र रोग म्हटल्याने जबाबदारी संपत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नशेत बायकोला मारणाऱ्याला रोगाची ढाल देता येणार नाही. तिला संरक्षण आणि त्याला उपचार, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावयाची आहेत.

महसूल कोणाचा?

आता माझ्या विषयाकडे वळतो. क्वचित पिणारे संख्येने पुष्कळ असतात, परंतु खपणाऱ्या दारूचा मोठा वाटा रोज भरपूर पिणारे थोडे लोक रिचवतात, हे अनेक देशांत आढळून आलेले आहे. ह्याचा अर्थ असा की उत्पादन शुल्काचा फार मोठा भाग रोग्यांच्या खिशातून येतो. किंमत वाढली की हौशी पिणारा हात आखडता घेतो. परावलंबी माणूस मुलांच्या दुधात कपात करतो किंवा हातभट्टीकडे वळतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची जादा भर पडेल असे जाहीर केले. करवाढीला माझा विरोध नाही. चढ्या करामुळे एकूण खप आणि नवे पिणारे कमी होतात. पण ज्या रोग्यांकडून हा पैसा जमा होणार, त्यांच्या उपचारासाठी त्यातील किती बाजूला काढणार, हा प्रश्न सभागृहात कोणी लावून धरला? आपल्या लोकांनी तो धरावयास हवा होता.

दुसरा प्रश्न कामगार संघटनांचा. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श आदेशांत कामावर असताना दारूच्या अंमलाखाली असणे हे गैरवर्तन म्हणून नोंदले गेले होते. त्याच न्यायाने कितीतरी कामगारांची चौकशी झाली आणि ते घरी गेले. यंत्रावर झिंगलेला माणूस सोबत्यांच्या जिवाला धोका असतो. त्याला यंत्रावरून हटवलेच पाहिजे. परंतु हटवणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आचारसंहितेत मद्यविषयक समस्यांकडे आरोग्याच्या इतर समस्यांप्रमाणेच पाहावे असे सांगितले आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आणि अशा आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विम्याचे संरक्षण देण्याचे बंधन घातले. कायदा आपल्या बाजूचा आहे. तो वापरणारे हात हवेत.

एक जुना युक्तिवाद अजूनही ऐकू येतो की शोषण संपले म्हणजे दारू आपोआप संपेल. गटारात उतरणारा सफाई कामगार दुर्गंधी सोसावी म्हणून पितो, हे सत्य आहे आणि त्याचे उत्तर यंत्राने सफाई हेच आहे. परंतु ज्याचे यकृत आज निकामी होत आहे, त्याला समाजपरिवर्तनाची वाट पाहा असे सांगणे निर्दयपणाचे आहे. शिवाय सुखवस्तू घरांतही हा रोग आहेच.

तेव्हा साथींनो, मी आपल्यासमोर चार कामे ठेवतो. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दारू तुटण्याच्या त्रासावरील उपचार, त्याची औषधे आणि दोन खाटा ह्यांची मागणी करावी. ज्या गावात बाटली आडवी करण्याची मोहीम निघेल, तेथे मतदानाच्या आधीच रोज पिणाऱ्यांची, त्यांच्या संमतीने, भेट घेऊन त्यांना उपचाराशी जोडून द्यावे. कामगार संघटनांनी व्यवस्थापनाशी करार करताना उपचाराची रजा आणि बरे होऊन परतण्याचा हक्क ही कलमे घालावीत. आणि आपल्या प्रत्येक कार्यालयात एका कार्यकर्त्याने ह्या कामाचे प्रशिक्षण घ्यावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहावा.

ह्यांतील चौथ्या कामाला सरकारच्या मंजुरीची गरज नाही. ते पुढच्या सोमवारी सुरू करता येईल. आपल्याच बैठकांना नियमित येणारा, घोषणा देणारा, सतरंज्या उचलणारा एखादा साथी गेल्या काही महिन्यांत दिसेनासा झाला असेल आणि का, हे आपणा सर्वांना ठाऊक असेल. त्याच्या घरी जाण्यापासून प्रारंभ व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.